अश्वशक्ती विचारतो, फेरे विचारत नाही

ट्रॅक्टरची चौकशी सुरू होते ती ‘किती एचपीचा?’ या प्रश्नाने आणि बहुधा तेथेच संपते. ट्रॅक्टरच्या मागे, थ्री पॉइंट लिंकेजच्या मधोमध जो खाचांचा शाफ्ट फिरतो, तो मिनिटाला किती फेरे घेतो आणि ते फेरे मिळण्यासाठी इंजिन किती वेगाने चालवावे लागते, हे विचारणारा खरेदीदार क्वचितच भेटतो. नांगर, मोगडा आणि ट्रॉली यांचे काम ओढण्याचे. तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. परंतु रोटाव्हेटर, मळणी यंत्र, बागेतील ब्लोअर, पाचट कुट्टी यंत्र, बेलर, सुपर सीडर ही सारी अवजारे त्या शाफ्टवर, म्हणजे पीटीओवर चालतात. बॉनेटवर छापलेल्या आकड्याशी त्यांचा थेट संबंध नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचतात ते पीटीओचे फेरे आणि पीटीओवर उरलेली ताकद. विस्तार यंत्रणेने गेली अनेक वर्षे शेतकऱ्याला अश्वशक्ती मोजायला शिकवले. आता फेरे मोजायला शिकवण्याची वेळ आली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. डिझेलचा अपव्यय, वारंवार तुटणारे गिअर बॉक्स, निष्फळ जाणाऱ्या फवारण्या आणि काही वेळा माणसाचा हातपाय, इतके सारे या एका दुर्लक्षात गुंतलेले आहे.

प्रथम मापांविषयी. भारतीय मानक आयएस ४९३१ आणि आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ५०० यांनी मागील पीटीओचे प्रकार निश्चित केले आहेत. पहिल्या प्रकारात शाफ्टचा व्यास ३५ मिलिमीटर, स्प्लाइन म्हणजे खाचा सहा आणि प्रमाणित वेग मिनिटाला ५४० फेरे. दुसऱ्या प्रकारात व्यास तोच ३५ मिलिमीटर, पण स्प्लाइन एकवीस आणि वेग १००० फेरे. तिसऱ्या प्रकारात व्यास ४५ मिलिमीटर, स्प्लाइन वीस आणि वेग १०००. हा मोठ्या ट्रॅक्टरांसाठी असून आपल्याकडे विरळाच दिसतो. आपल्या शेतावरील बहुसंख्य अवजारे पहिल्या प्रकारची, म्हणजे सहा स्प्लाइन आणि ५४० फेऱ्यांची आहेत.

मग १००० फेऱ्यांची गरज का भासली? शक्ती ही वेग आणि टॉर्क, म्हणजे शाफ्टवर पडणारा पीळ, यांच्या गुणाकाराने ठरते. ३० किलोवॅट, म्हणजे सुमारे ४० अश्वशक्ती, ५४० फेऱ्यांवर अवजारापर्यंत न्यायची असेल तर शाफ्टवर सुमारे ५३० न्यूटन-मीटर पीळ पडतो. तीच शक्ती १००० फेऱ्यांवर नेली तर पीळ सुमारे २८६ न्यूटन-मीटर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर येतो. ट्रॅक्टर जसजसे मोठे झाले तसतसा ५४० फेऱ्यांचा शाफ्ट पिळाला अपुरा पडू लागला आणि अधिक वेगाचा मार्ग निघाला. अवजड यंत्रांसाठी तो योग्यच आहे.

स्प्लाइनची संख्या वेगळी ठेवण्यामागे मात्र निराळा विचार होता. सहाच्या शाफ्टवर एकविसाचे जू बसत नाही. ५४० फेऱ्यांसाठी घडवलेले यंत्र चुकूनही १००० फेऱ्यांच्या शाफ्टला जोडले जाऊ नये, यासाठीची ही कुलूप-किल्लीची योजना आहे. बाजारात मिळणारे सहा-एकवीसचे अ‍ॅडॉप्टर नेमकी तीच योजना मोडून काढतात. ५४० चे यंत्र १००० वर चालले की वेग १.८५ पट होतो, हे सर्वांच्या लक्षात येते. पण फिरणाऱ्या पात्यांतील ऊर्जा आणि त्यांना बाहेर फेकणारे बल सुमारे ३.४ पट होते आणि पंखा असेल तर त्याला लागणारी शक्ती सहा पटींहून अधिक होते. एवढा ताण सहन करण्यासाठी ते यंत्र बनलेलेच नसते. पाते सुटून उडाले तर ते समोर कोण उभे आहे हे पाहत नाही. असे अ‍ॅडॉप्टर विकणाऱ्या दुकानदाराने ग्राहकाला ट्रॅक्टरचा आणि अवजाराचा वेग विचारल्याशिवाय ते हातात देऊ नयेत.

आपल्याकडील अडचण याहून थोडी नाजूक आहे. अनेक नव्या ट्रॅक्टरांत एकाच सहा स्प्लाइनच्या शाफ्टवर लिव्हर बदलून दोन, तीन, कधी चार वेग मिळतात. सोय मोठी आहे, पण तेथे कुलूप-किल्लीची व्यवस्था उरतच नाही. सर्व भिस्त लिव्हरच्या स्थितीवर आणि चालकाच्या सावधपणावर राहते. अशा ट्रॅक्टरवर लिव्हरजवळ ठळक रंगाने वेग लिहून ठेवणे, आणि अवजाराच्या गिअर बॉक्सवरही त्याला चालणारा वेग लिहिणे, हे काम एका दुपारचे आहे. अवजारे बँक चालवणाऱ्या गटांनी तरी ते करावेच; कारण तेथे ट्रॅक्टर एकाचा, अवजार गटाचे आणि चालक तिसराच असतो.

यापुढचा प्रश्न इंजिनच्या फेऱ्यांचा. ‘५४० चा पीटीओ’ म्हणजे तो नेहमी ५४० नेच फिरतो, असा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात ५४० फेरे इंजिनच्या एका ठरावीक वेगालाच मिळतात आणि तो वेग प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. एखाद्या ट्रॅक्टरवर तो १५०० असेल, दुसऱ्यावर १८००, तिसऱ्यावर १९००. चालक म्हणतो की मला कानाने कळते. कानाला इंजिन कळते हे खरे. पीटीओ कळत नाही. ज्याचा कान १५०० ला ५४० देणाऱ्या ट्रॅक्टरवर तयार झाला, तो १९०० ला ५४० देणाऱ्या ट्रॅक्टरवर बसला आणि त्याच आवाजावर चालू लागला, तर पीटीओला मिळतात अवघे ४२६ फेरे. उलट झाले तर ६८४. दोन्ही वेळा इंजिन सुरेल वाजत असते आणि चालकाला सारे काही ठीक असल्याचे वाटते.

याचा सर्वांत मोठा फटका बसतो तो फवारणीला, आणि येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्ष व डाळिंबाच्या बागांत छोट्या ट्रॅक्टरवरील ब्लोअर आता सर्वमान्य झाला आहे. पीटीओवर त्याचा पंपही चालतो आणि पंखाही. समजा ट्रॅक्टर १८०० ला ५४० देतो, आणि डिझेल वाचवण्यासाठी चालकाने अ‍ॅक्सिलरेटर १४०० वर आणला. पीटीओ ४२० वर आला. पंपाची क्षमता पुरेशी असेल तर प्रेशर रेग्युलेटर नोझलचा दाब टिकवून धरतो. गेजचा काटा हलत नाही, म्हणून शेतकरी निर्धास्त राहतो. पण पंख्याला रेग्युलेटर नसतो. त्याची हवा ७८ टक्क्यांवर येते आणि हवेचा दाब ६० टक्क्यांच्या आसपास उतरतो. हीच हवा पाने हलवून थेंबांना आतल्या घडापर्यंत आणि पानाच्या खालच्या बाजूपर्यंत नेत असते. केवडा पानाच्या खालच्या बाजूने वाढतो. तेथे औषध पोहोचले नाही तर वरून पान कितीही ओले दिसले तरी उपयोग नाही.

गंमत पुढेच आहे. ट्रॅक्टर त्याच गिअरमध्ये असेल तर इंजिनचे फेरे घटल्याने त्याचा चालण्याचा वेगही तितकाच घटतो. नोझलमधून मिनिटाला पडणारे द्रावण मात्र तेवढेच. परिणामी एकरी द्रावण सुमारे २८ टक्क्यांनी वाढते. औषध जास्त, पोहोच कमी. ज्याने डिझेल वाचवले त्याने त्याहून महागडे बुरशीनाशक जमिनीवर सांडले, आणि आठवड्याने ‘औषध बनावट होते’ म्हणून विक्रेत्याशी भांडण काढले. औषधे बनावट नसतातच असे मी म्हणत नाही. पण फवारणीच्या प्रत्येक तक्रारीत औषधाचा नमुना तपासण्यापूर्वी पीटीओचे फेरे तपासावेत, असा आग्रह मी विस्तार कार्यकर्त्यांना जरूर करेन.

ज्याला इंजिनचा वेग कमी ठेवायचाच आहे, त्याच्यासाठी ‘५४० इकॉनॉमी’ची सोय असलेले ट्रॅक्टर उपलब्ध आहेत. त्यात गिअरचे प्रमाण बदलून कमी इंजिन वेगावरच ५४० फेरे मिळतात. हलक्या कामांना, छोट्या ब्लोअरला किंवा हलक्या मळणीला, ही सोय उत्तम आहे. भारी कामाला नाही. कारण कमी वेगावर इंजिनची उपलब्ध शक्तीही कमी असते आणि भार आला की इंजिन गुदमरते, काळा धूर टाकते.

रोटाव्हेटरची गोष्ट निराळी. तेथे महत्त्व आहे ते पात्याच्या ‘घासा’ला. एका पात्यामागून दुसरे पाते जमिनीत उतरेपर्यंत ट्रॅक्टर जितका पुढे सरकतो, तितक्या लांबीचे ढेकूळ पाते कापते. फ्लँजवर सहा पाती, त्यांतील तीन डावीकडे व तीन उजवीकडे वळलेली, आणि रोटरचा वेग मिनिटाला २०० फेरे धरू. ताशी ३ किलोमीटरने चालल्यास घास सुमारे ८ सेंटिमीटरचा होतो. ताशी साडेचारला साडेबारा सेंटिमीटरचा. ताशी २ ला साडेपाच सेंटिमीटरचा. जमीन भुसभुशीत हवी म्हणून चालक खालचा गिअर टाकतो, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबतो आणि पिठासारखी माती पाहून मालक खूश होतो. पहिल्या जोराच्या पावसात ती माती पापुद्रा धरते, आणि मग उगवण कमी झाल्याचा दोष बियाण्यावर येतो.

येथे एक मुद्दा वारंवार चुकीचा सांगितला जातो. त्याच गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर कमी-जास्त केल्याने घासाची लांबी बदलत नाही. कारण रोटर आणि चाके दोन्ही त्याच प्रमाणात मंद किंवा जलद होतात. घास बदलायचा तर ट्रॅक्टरचा गिअर बदलावा लागतो, किंवा मल्टी स्पीड रोटाव्हेटरच्या गिअर बॉक्समधील गिअरची जोडी बदलावी लागते. ही जोडी बदलण्याची सोय पैसे देऊन विकत घेतलेली असते, पण कारखान्यातून आली त्याच जोडीवर रोटाव्हेटर आयुष्यभर चालवणारेच अधिक. काळ्या भारी रानात एक जोडी आणि हलक्या मुरमाड रानात दुसरी, एवढा साधा बदलही भाड्याने काम करणाऱ्याला फायद्याचा ठरेल.

मळणी यंत्राबाबत उलट प्रकारची चूक होते. बियाण्यासाठीच्या सोयाबीनला ड्रमचे फेरे कमी लागतात, कारण त्याचे कवच पातळ असते आणि जोरदार माराने अंकुराला इजा होते. ही शिफारस ऐकून चालक इंजिनचाच वेग उतरवतो. ड्रम मंद होतो खरा, पण त्याच पीटीओवर चालणारा पंखा आणि चाळण्याही मंद होतात. दाण्यात भुसा येतो, चाळणी तुंबते, आणि मग वैतागून तो पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर वाढवतो. योग्य मार्ग म्हणजे पीटीओ ५४० वरच ठेवून ड्रमची पुली बदलणे. गव्हाची पुली आणि सोयाबीनची पुली वेगळी असते, हे यंत्र विकतानाच सांगितले गेले पाहिजे.

पंजाब-हरियाणात भाताच्या काडात गहू पेरणाऱ्या सुपर सीडरने अश्वशक्तीचा प्रश्न अधिक तीव्र केला आहे. काड कापणे, मातीत मिसळणे आणि पेरणे ही तिन्ही कामे एकाच फेरीत होत असल्याने पीटीओवरील भार मोठा असतो. इंजिनच्या शक्तीपैकी पीटीओवर साधारण ८५ ते ९० टक्के पोहोचते. ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर म्हणजे पीटीओवर सुमारे ३८ ते ४०. त्यातूनच पुढे चालण्याचीही शक्ती काढायची. अवजाराच्या माहितीपत्रकावर ‘४५ एचपी’ लिहिले असेल तर ती इंजिनची की पीटीओची, हे विचारल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. पहाटेच्या दवाने ओल्या झालेल्या काडात हा फरक तासाभरात कळतो.

आता ट्रॅक्टर आणि अवजार यांना जोडणाऱ्या शाफ्टकडे वळू. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉसचे जॉइंट असतात. असा एक जॉइंट कोनात फिरला की त्याच्या पुढचा वेग एकसारखा राहत नाही. ३० अंशांच्या कोनात, ट्रॅक्टर ५४० देत असताना पुढचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे ४६८ ते ६२४ असा हेलकावतो. दुसरा जॉइंट हा हेलकावा रद्द करतो, पण दोन अटींवर: दोन्हीकडचे कोन सारखे हवेत आणि नळीवरील दोन्ही फोर्क एकाच रेषेत हवेत. चौकोनी नळीचा शाफ्ट ग्रीससाठी सोडून पुन्हा बसवताना चतुर्थांश फिरून बसला, तर हेलकावा रद्द होण्याऐवजी वाढतो. मग थरथर सुरू होते, बेअरिंग जाते, ऑइल सील गळू लागते आणि ‘गिअर बॉक्स हलका दिला’ अशी तक्रार होते. शाफ्ट जोडल्यावर दोन्ही फोर्क समोरासमोर आहेत ना, हे पाहायला दहा सेकंद लागतात. बांधावर वळताना रोटाव्हेटर उचलला की जॉइंटचा कोन वाढतो. त्या वेळी पीटीओ बंद करणे हा कंटाळवाणा पण आवश्यक नियम आहे.

लांबीचेही तसेच. शाफ्ट गरजेपेक्षा लांब असेल तर लिफ्ट वर-खाली होताना आतली नळी टोकाला टेकते आणि सारा दाब पीटीओच्या बेअरिंगवर जातो. आखूड असेल तर नळ्या एकमेकींत पुरेशा शिरत नाहीत; किमान एक तृतीयांश लांबी तरी एकमेकींत असावी. नवे अवजार जुन्या ट्रॅक्टरला जोडताना शाफ्ट मोजून कापावा लागतो, ही गोष्ट अवजार पोहोचवायला येणाऱ्या मेकॅनिकने स्वतःहून करून द्यायची असते. ती करून घ्यावी. आणि शिअर बोल्ट तुटला तर तिथे हाय टेन्साइल बोल्ट ठोकू नये. तो बोल्ट गिअर बॉक्सच्या बदल्यात तुटण्यासाठीच बसवलेला असतो.

शाफ्टवरील प्लास्टिकचे संरक्षक आवरण हा विषय मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याबाबत मतभेदाला जागा नाही. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. उघड्या नळीत धोतराचा सोगा, पदर, ओढणी किंवा पावसाळी कोटाचे टोक अडकले, तर सेकंदभरात दीड मीटरहून अधिक कापड गुंडाळले जाते. हात मागे घ्यावा, क्लच दाबावा असा विचार मनात येण्याआधीच सारे घडून गेलेले असते. तरीही ग्रीस करताना अडचण होते म्हणून काढलेले आवरण पुन्हा बसत नाही, आणि वर्षभराने ते गोठ्याच्या कोपऱ्यात सापडते. मळणी यंत्रावरील अपघातांसाठी १९८३ साली धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम आला. त्यात नावाने उल्लेख आहे तो शक्तिचलित मळणी यंत्राचा. त्या यंत्राला फिरवणाऱ्या उघड्या शाफ्टकडे गावपातळीवर तितक्याच गांभीर्याने कोणी पाहत नाही.

एक आक्षेप मला अपेक्षित आहे. शेतकऱ्याच्या डोक्यावर आधीच पुष्कळ आकडे आहेत, त्यांत ही भर कशाला? परंतु ही भर तीनच आकड्यांची आहे: पीटीओवरील अश्वशक्ती, ५४० फेऱ्यांसाठी लागणारा इंजिनचा वेग, आणि अवजाराला चालणारा वेग. पहिले दोन मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्रे प्रशिक्षण व चाचणी संस्थेसारख्या संस्थांच्या चाचणी अहवालांतून मिळू शकतात. पीटीओची कामगिरी, प्रमाणित वेगावरील शक्ती आणि इंधनाचा खर्च तेथे मोजून नोंदवलेला असतो. २०१४-१५ पासून राबवल्या जाणाऱ्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाने ट्रॅक्टरचे गटच पीटीओ अश्वशक्तीवर पाडले आहेत: ८ ते २०, २० ते ४० आणि ४० ते ७०. म्हणजे शासनाच्या अर्जाला हा आकडा ठाऊक आहे. अर्ज भरणाऱ्याला मात्र तो विक्रेता सांगेल तेव्हा कळतो. कोटेशनवर पीटीओ अश्वशक्ती आणि ५४० साठीचा इंजिन वेग छापणे सक्तीचे करायला कोणत्याही नव्या निधीची गरज नाही.

गावपातळीवरचे काम त्याहून सोपे आहे. अनेक ट्रॅक्टरांच्या आरपीएम मीटरवर पीटीओची खूण असतेच; नसेल तेथे ती रंगाने करता येते. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राकडे आणि अवजारे बँकेकडे एक डिजिटल टॅकोमीटर असावा. इंजिन बंद असताना, अवजार न जोडता, शाफ्टच्या टोकावर चमकणारी पट्टी चिकटवावी. मग पीटीओ सुरू करून सुरक्षित अंतरावरून फेरे मोजावेत आणि ५४० आले की मीटरच्या काचेवर रेघ ओढावी. जुन्या, मीटर बंद पडलेल्या ट्रॅक्टरवर अ‍ॅक्सिलरेटरच्या हँड लिव्हरशेजारी ती रेघ ओढता येते. भार आल्यावर फेरे थोडे उतरतात हे लक्षात घेऊन ती किंचित वर असावी. खरीपपूर्व मेळाव्यात माती परीक्षणाच्या टेबलाशेजारी हे टेबल मांडले तर एका सकाळी गावातील बरेच ट्रॅक्टर तपासून होतील. त्याच वेळी शाफ्टवर आवरण आहे की नाही हेही दिसेल. अनुदानित अवजाराच्या प्रत्यक्ष तपासणीच्या नमुन्यात आवरणासाठी एक रकाना वाढवावा आणि तो रिकामा असेल तर देयक पुढे पाठवू नये.